गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर अ‍ॅक्शन आणि साहसी गेम: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

जुना गेम बॉय अ‍ॅडव्हान्स हातात आला की बहुतेक जण ‘सर्वोत्तम दहा’ छापाच्या याद्या उघडतात आणि वरचं नाव उचलतात. मग कळतं, की तो गेम या स्क्रीनवर धड दिसतच नाही, किंवा सेव्ह करायची खोली सापडेपर्यंत पाऊण तास जातो. दोन-तीनदा असं झालं की मशीन कपाटात जातं. म्हणून नाव बघण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: तुमच्या मशीनच्या स्क्रीनला स्वतःचा उजेड आहे का, आणि गेम कुठे आणि किती वेळाने सेव्ह होतो. निवडीचं अर्धं काम इथेच होतं.

आधी मशीन ओळखा

पहिलं मॉडेल २००१ सालचं. मार्चमध्ये जपानमध्ये आणि जूनमध्ये अमेरिका-युरोपात आलं. आडवा आकार, दोन डबल-ए सेल, २.९ इंची स्क्रीन, २४० बाय १६० पिक्सेल. या स्क्रीनमध्ये दिवा नाही. खिडकीजवळ किंवा टेबललँपखाली चित्र छान दिसतं, पण अंथरुणात पडून खेळायचा विचार सोडून द्या. चांगल्या अल्कलाइन सेलवर साधारण १५ तास निघतात. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलही चालतात, फक्त एक लक्षात ठेवा: त्यांचा विजेचा दाब बराच वेळ एका पातळीवर राहतो आणि शेवटी झपकन उतरतो. त्यामुळे हिरवा दिवा लाल झाल्यावर हातात फार वेळ उरत नाही. लाल दिसला की सेव्ह करायचं.

२००३ मध्ये घडी होणारा एसपी आला. याचे दोन प्रकार आहेत आणि सेकंडहँड बाजारात सगळा घोळ इथेच होतो. एजीएस-००१ मध्ये स्क्रीनच्या पुढच्या बाजूने उजेड पडतो, त्यामुळे रंग थोडे फिके आणि निळसर वाटतात. २००५ नंतरच्या एजीएस-१०१ मध्ये उजेड मागून येतो आणि फरक पहिल्या नजरेत कळतो. मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, पण बदललेल्या बॉडीवर कुठलाही स्टिकर चिकटवता येतो. खात्रीची खूण स्क्रीनखालच्या मधल्या छोट्या बटणात आहे. ते दाबल्यावर उजेड पूर्ण बंद झाला तर ००१. उजेड नुसता कमी-जास्त झाला, बंद झालाच नाही, तर १०१. एसपीला हेडफोनचं भोक नाही, त्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो.

२००५ चा गेम बॉय मायक्रो देखणा आहे, पण स्क्रीन दोनच इंची आणि जुन्या गेम बॉय-कलरच्या कार्ट्रिज त्यात बसत नाहीत. निन्टेंडो डीएस आणि डीएस लाइटच्या खालच्या खाचेत अ‍ॅडव्हान्सच्या कार्ट्रिज चालतात आणि उजेडाचा प्रश्नही सुटतो. मात्र तिथे दोन मशीन जोडणारी लिंक केबल लावता येत नाही आणि गेम बॉय-कलरच्या कार्ट्रिज त्यावरही चालत नाहीत. नंतरच्या डीएसआयमध्ये ही खाचच काढून टाकली आहे.

नवखा असाल आणि निवडायची मुभा असेल तर १०१ किंवा डीएस लाइट घ्या. दिवा नसलेलं मूळ मॉडेल हाताला सगळ्यात चांगलं बसतं, एल आणि आर बटणंही तिथे ऐसपैस आहेत. पण त्यावर खेळायचे गेम निवडून घ्यावे लागतात.

सेकंडहँड मशीन घेताना

शक्य असेल तर एक चालू कार्ट्रिज सोबत न्या आणि या क्रमाने तपासा.

१. सेलचं झाकण उघडा. स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर सेल गळलेले आहेत. हलका थर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने निघतो, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. पत्राच खाल्ला गेला असेल तर मशीन नको. एसपीमध्ये बॅटरीचं झाकण एका स्क्रूवर असतं. ते फुगून वर आलेलं असेल तर आतली लिथियम बॅटरी फुगली आहे. ती टोचू नका, दाबू नका, चार्जही करू नका. नवी सहज बसते.

२. मशीन चालू करून पॉवरचं बटण अगदी हलकं मागे-पुढे हलवा. स्क्रीन लुकलुकली किंवा मशीन परत सुरू झालं, तर बटणाच्या आत मळ साचला आहे. नवे सेल टाकूनही दिवा लाल राहतो त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं, कारण मळामुळे दाब वाटेतच पडतो. सेल काढून, बटणाच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब टाकून बटण वीस-तीस वेळा सरकवलं आणि तासभर वाळू दिलं तर बहुतेकदा काम होतं.

३. एल आणि आर दाबून धरा. नुसतं दाबून बघणं पुरेसं नाही. पुढे येणारे निम्मे गेम यातलं एक बटण धरून ठेवायला लावतात. धरल्यावर मध्येच सुटत असेल तर मेट्रॉइडमध्ये ऐन बॉससमोर क्षेपणास्त्राऐवजी साधी गोळी निघते.

४. आवाजाची चकती फिरवा. थोडी खरखर साफ होते. स्पीकर पूर्ण मुका असेल तर हेडफोन लावून बघा, म्हणजे दोष स्पीकरचा की बोर्डाचा ते कळेल.

५. एसपीची बिजागरी पूर्ण उघडून-मिटून बघा. तडा सहसा कोपऱ्यावर जातो.

मूळ मॉडेलमध्ये नवी आयपीएस स्क्रीन बसवण्याचे किट मिळतात. त्यासाठी तीन पात्यांचा ट्राय-विंग आणि साधा फिलिप्स असे दोन स्क्रू ड्रायव्हर लागतात. जुन्या बॉडीच्या आतलं प्लास्टिक कापायचं नसेल तर आधीच कापलेली नवी बॉडी घ्या. आतल्या बोर्डाचे ३२ आणि ४० पिनांचे दोन प्रकार असतात, म्हणून दोन्हींना चालणारी पट्टी किटमध्ये आहे ना हे आधी बघा. नव्या स्क्रीनवर सेल लवकर संपतात, पण दिवा नसल्याची अडचण कायमची मिटते.

कार्ट्रिज: खरी, खोटी आणि मळलेली

साहसी गेमच्या कार्ट्रिजमध्ये नकली मालाचा सुळसुळाट आहे, कारण मागणी याच नावांना जास्त आहे. नकली कार्ट्रिज सुरुवातीला बिनतक्रार चालते. दगा देते ती सेव्ह करताना किंवा शेवटच्या टप्प्यात, म्हणजे पंधरा तास घालवून झाल्यावर. घेण्याआधी या खुणा बघा.

लेबलवर नीट तिरप्या उजेडात बघितलं तर खऱ्या कार्ट्रिजवर कागदात दाबून उमटवलेला दोन आकड्यांचा शिक्का दिसतो, कधी त्यापुढे एक अक्षरही असतं. हा छापलेला नसतो, दाबलेला असतो. खालच्या उघड्या बाजूने सोनेरी पिनांच्या वर बोर्ड दिसतो, तिथे ‘निन्टेंडो’ असं कोरलेलं असतं. मागचा स्क्रू तीन पात्यांचा असतो. तिथे साधा फुलीचा स्क्रू दिसला तर कार्ट्रिज एकदा तरी उघडलेली आहे, किंवा नकली आहे.

लेबलवरचा कोडही उपयोगी आहे. एजीबी, मग चार अक्षरं, मग देश. मेट्रॉइड फ्यूजनच्या अमेरिकी कार्ट्रिजवर एएमटीई असतं, झीरो मिशनवर बीएमएक्सई, मिनिश कॅपवर बीझेडएमई. चौथं अक्षर भाग सांगतं: ई म्हणजे अमेरिका, पी म्हणजे युरोप, जे म्हणजे जपान. मशीनला भागाचं बंधन नाही, त्यामुळे कुठलीही कार्ट्रिज कुठल्याही अ‍ॅडव्हान्सवर चालते. फक्त जपानी प्रतीत संवाद जपानीत असतील, आणि साहसी गेममध्ये त्याचा त्रास होतोच. पहिलं अक्षर बहुतेक वेळा ए किंवा बी असतं. यू असेल तर कार्ट्रिजमध्ये उन्हाचा सेन्सर आहे, व्ही असेल तर थरथरणारी मोटर.

कार्ट्रिज घातल्यावर ‘गेम बॉय’ अक्षरांवरच मशीन अडकलं तर आधी पॉवर बंद करून ती तीन-चार वेळा आत-बाहेर करा. तरी नाही, तर कापसाच्या काडीवर ९० टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना उभ्या दिशेने पुसा. काडी काळी येणं थांबेपर्यंत काड्या बदलत राहा, मग पाच मिनिटं वाळू द्या. तोंडाने फुंकर मारायची सवय सोडा. थुंकीतला ओलावाच पिना गंजवतो. पिनांवर डाग घट्ट बसला असेल तर मऊ पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा. सँडपेपर अजिबात नको, पिनांवरचा सोन्याचा मुलामा निघून जातो.

आता सेव्हचं. अ‍ॅडव्हान्सच्या काही कार्ट्रिजमध्ये सेव्ह ठेवायला छोटी बटण बॅटरी असते, बऱ्याच कार्ट्रिजमध्ये ईईप्रॉम किंवा फ्लॅश चिप असते आणि तिला बॅटरी लागत नाही. घेतलेल्या कार्ट्रिजमध्ये जुन्या मालकाचं सेव्ह दिसलं तर निम्मी चिंता मिटली. नसेल तर नवा गेम सुरू करून सेव्ह करा, मशीन बंद करा, कार्ट्रिज बाहेर काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. लगेच बघण्यात अर्थ नाही, कमजोर बॅटरीही थोडा वेळ सेव्ह धरून ठेवते.

बॅटरी मेलेली निघाली तर ती बहुधा सीआर१६१६ असते. पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेली बॅटरीच घ्या. साध्या बटण सेलवर थेट डाग (सोल्डर) लावला तर उष्णतेने सेल फुटू शकतो. धन-ऋण बाजूचा फोटो काढून ठेवा, जुनी सोडवा, नवी लावा, एका सांध्यावर डागणी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. बॅटरी चिकटपट्टीने दाबून बसवायचे सल्ले मिळतील, ते ऐकू नका. खिशातल्या एका धक्क्याने संपर्क सुटतो आणि सेव्ह जातं. बॅटरी काढताक्षणी आधीचं सेव्हही पुसलं जातं. ते ठेवायचं असेल तर काढण्याआधी कार्ट्रिज रीडरने कंप्यूटरवर उतरवून घ्या.

पहिला गेम: द मिनिश कॅप

मालिका झेल्डाची, पण बनवला कॅपकॉमने. जपान आणि युरोपात २००४ च्या अखेरीस आला, अमेरिकेत २००५ च्या जानेवारीत. पहिला गेम म्हणून हाच का? रंग उजळ आहेत, म्हणजे दिवा नसलेल्या स्क्रीनवरही दिसतो. आणि विरामाच्या पडद्यातून जवळपास कुठेही सेव्ह होतो, म्हणजे दहा मिनिटांची सवड असली तरी खेळता येतो.

ए आणि बी वर हवी ती दोन हत्यारं लावायची. आर बटण परिस्थितीप्रमाणे बदलतं: बोलणं, उचलणं, धावताना कोलांटी. नवखे कोलांटी विसरतात आणि बाण चुकवता चुकवता हृदयं संपवतात. लोकांच्या डोक्यावर विचाराचा फुगा दिसला की एल दाबून किनस्टोन, म्हणजे तुटलेल्या पदकांचे अर्धे तुकडे, जोडायचे. जोडी जुळली की नकाशावर कुठेतरी नवी वाट, पेटी किंवा माणूस उघडतो. हे फुगे टाळून पुढे पळालात तर गेम नाहक अवघड होतो, कारण हृदयाचे तुकडे आणि मोठ्या थैल्या त्यातूनच मिळतात.

एक गोष्ट कायमची हातची जाऊ शकते. ढगांवरच्या वायुजमातीच्या बुरुजात ग्रेगल नावाचा आजारी म्हातारा भेटतो. त्याच्याभोवती घुटमळणारं भूत गस्ट जारने (हवा ओढणाऱ्या बरणीने) तिथल्या तिथे ओढून घ्या. वाऱ्याचा महाल पूर्ण करून मग आलात तर उशीर झालेला असतो, आणि त्याच्याशी किनस्टोन जोडून मिळणारे प्रकाशबाण गेले ते गेलेच.

मेट्रॉइड: आधी झीरो मिशन, मग फ्यूजन

क्रमाने बघितलं तर फ्यूजन २००२ चा आणि झीरो मिशन २००४ चा. तरी सुरुवात झीरो मिशनने करा. तो १९८६ च्या पहिल्या मेट्रॉइडची नव्याने केलेली मांडणी आहे, छोटा आहे आणि जवळपास सगळ्या युक्त्या हळूहळू शिकवतो. सुरुवातीला ‘ईझी’ निवडायला लाजू नका.

बटणं दोन्हींत सारखी आहेत: एल धरला की बंदूक तिरकी होते, आर धरून बी दाबलं की क्षेपणास्त्र सुटतं. पहिल्या अर्ध्या तासात हे बोटांत बसवा. अडकायला होतं ते बहुतेक तीन कारणांनी. एक, भिंती आणि जमिनीवर गोळी किंवा बॉम्ब टाकून बघितलेला नसतो. बंद दिसणाऱ्या खोलीत हीच पहिली तपासणी. दोन, रंगीत दारं: साध्या गोळीने न उघडणारं दार सहसा क्षेपणास्त्राने उघडतं. तीन, नकाशा उघडून बघितलेला नसतो. चोझो या प्राचीन जमातीच्या बसलेल्या मूर्ती पुढचं ठिकाण नकाशावर दाखवतात, त्यामुळे कुठे जायचं हा प्रश्न क्वचितच पडतो.

झीरो मिशनमध्ये मदर ब्रेन ही मोठी बॉस पडली म्हणजे खेळ संपला असं समजून मशीन बंद करू नका. पुढे चिलखताशिवाय चोरपावलांनी जायचा भाग आहे. तिथे पळत सुटण्यापेक्षा आडोशाला थांबून धोक्याची घंटा शांत होऊ देणं शहाणपणाचं. एकदा गेम पूर्ण केला की १९८६ चा मूळ मेट्रॉइडही उघडतो. तो बघायला मजेशीर आहे. शेवटपर्यंत खेळायला चिवटपणा लागतो.

फ्यूजन जास्त बांधीव आहे. यान आणि त्यातला संगणक पुढचं काम सांगत राहतात, मागची दारं मध्येच बंद होतात. इथे मेलेल्या शत्रूतून बाहेर पडणारे एक्स परजीवी लगेच पकडायचे: पिवळ्याने ऊर्जा मिळते, हिरव्याने क्षेपणास्त्रं. सोडून दिले तर ते पुन्हा शत्रू बनून अंगावर येतात. बॉस मेल्यावर जो कवचधारी गोळा उरतो, त्यावर क्षेपणास्त्रंच चालतात, म्हणून शेवटची दहा-बारा राखून ठेवा. आणि तुमच्यासारखीच दिसणारी एसए-एक्स समोर आली तर लढू नका. सुरुवातीच्या भेटींत तिला हरवायची सोयच नाही. पळायचं, दार गाठायचं.

दोन्ही गेममध्ये सेव्हच्या खोल्या ठरलेल्या जागी आहेत. वीस-पंचवीस मिनिटं हातात नसतील तर सुरू करू नका.

कॅसलव्हेनिया: स्क्रीन बघून निवडा

या मशीनवर तीन आहेत आणि वर्षाला एक असे आले: सर्कल ऑफ द मून २००१, हार्मनी ऑफ डिसनन्स २००२, आरिया ऑफ सॉरो २००३.

सर्कल ऑफ द मून हा चांगला गेम आहे, पण मूळ मॉडेलच्या बिनदिव्याच्या स्क्रीनवर तो अंधारात काळी मांजर शोधण्यासारखा आहे. त्याबद्दल तेव्हाच ओरड झाली आणि पुढच्या हार्मनीत मुद्दाम भडक रंग आले. नायकाभोवती निळी कडाही आली. त्या बदल्यात संगीत पातळ झालं. तेव्हा बिनदिव्याच्या मशीनवर हार्मनी, दिव्याच्या मशीनवर कुठलाही; आणि तिन्हींतून एकच घ्यायचा असेल तर आरिया.

आरियात शत्रू मारल्यावर कधीकधी त्याचा आत्मा मिळतो. लाल आत्मा वर-बाण आणि बीने वापरायचा, निळा आर धरून, पिवळा आपोआप काम करतो. एलने मागे सरकता येतं, आणि बॉसचा पहिला फटका चुकवायला उडीपेक्षा हे मागे सरकणं जास्त कामाचं. प्रत्येक आत्मा गोळा करायच्या मागे लागू नका. काहींची शक्यता इतकी कमी आहे की एका खोलीत तास जातो. पैसे मात्र साठवा, दुकानातली औषधं बॉसच्या खोलीबाहेर उपयोगी पडतात.

खरा शेवट बघायचा असेल तर किल्ल्यातली तीन प्राचीन पुस्तकं वाचावी लागतात. उत्तर स्वतः शोधायचं असेल तर पुढचं वाक्य सोडा. शेवटाकडे ग्रॅहम या खलनायकाशी लढताना फ्लेम डेमन, जायंट बॅट आणि सक्युबस हे तीन आत्मे अंगावर लावलेले हवेत, नाहीतर गेम अर्ध्या शेवटावर थांबतो.

थोडक्या वेळेचे आणि थोडे वेगळे

मेगा मॅन झीरो मालिकेचे चार भाग आहेत आणि पहिला अंगावर येतो. मोहिमेच्या मध्ये सेव्ह होत नाही, म्हणून प्रत्येक मोहिमेआधी सेव्ह करा आणि शक्यतो दोन जागा आलटून पालटून वापरा. फसलेली मोहीम तशीच सेव्ह केली तर ती फसलेलीच राहते. हत्यार वापरत राहिलं की त्याची पातळी वाढते, त्यामुळे सुरुवातीपासून तलवार वापरायची सवय लावा. चौथ्या भागात सोपा पर्याय आहे. मालिका आवडते का हे पाहायला तो बरा.

ट्रेझरने बनवलेला अ‍ॅस्ट्रो बॉय: ओमेगा फॅक्टर १५-२० मिनिटांच्या बैठकीला अगदी योग्य. पहिल्यांदा शेवटाची पाटी येते तेव्हा निम्माच गेम झालेला असतो. नंतर टप्पे निवडून मागे जाता येतं आणि सुटलेली माणसं शोधून खरी गोष्ट पुरी करायची असते. अनेक जण पहिल्या पाटीवरच थांबतात.

ड्रिल डोझर या मशीनच्या शेवटच्या काळातला. कार्ट्रिजमध्ये मोटर असल्याने ती थरथरते आणि सेल जरा लवकर खाते. एल आणि आरने ड्रिल दोन दिशांना फिरतं. ही बटणं कमजोर असतील तर या गेमच्या नादी लागू नका.

बोकटाई मात्र एकमेव. २००३ च्या या गेममध्ये व्हँपायर मारायला खरं ऊन लागतं. कार्ट्रिजच्या वरच्या टोकावरचा सेन्सर ऊन मोजतो आणि त्यावर बंदूक भरते. घरातल्या दिव्याचा उपयोग नाही. इथे बिनदिव्याचं मूळ मॉडेलच भाव खाऊन जातं, कारण उन्हात त्याची स्क्रीन सगळ्यात स्वच्छ दिसते. आत घड्याळ आहे, तेव्हा सुरुवातीला विचारलेली वेळ खरी द्या.

कार्ट्रिज न घेता खेळायचं असेल तर

घेण्याआधी चव बघायची असेल तर यातले बरेच गेम आज अधिकृतपणे मिळतात. मिनिश कॅप आणि दोन्ही मेट्रॉइड निन्टेंडोच्या स्विच ऑनलाइन सेवेच्या विस्तारित योजनेत आहेत. तिन्ही कॅसलव्हेनिया २०२१ च्या अ‍ॅडव्हान्स कलेक्शनमध्ये आहेत, तर मेगा मॅन झीरोचे चारही भाग २०२० च्या संग्रहात.

जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर (इम्युलेटर) चालणाऱ्या नव्या हँडहेल्डवर स्वतःच्या कार्ट्रिजमधून उतरवलेल्या फाइल चालवणार असाल तर एमजीबीए हा इम्युलेटर घ्या. पडद्याचं गणित आधी करा: २४० बाय १६० ची तिप्पट म्हणजे ७२० बाय ४८०, चौपट म्हणजे ९६० बाय ६४०. अशा पडद्यावर चित्र काठोकाठ आणि धारदार बसतं. ६४० बाय ४८० च्या पडद्यावर पूर्ण पटीत फक्त दुप्पट बसते, बाकी काळी चौकट राहते. ताणून बसवलं तर पिक्सेल कुठे जाड, कुठे बारीक होतात आणि सरकताना चित्र थरथरतं. रंग भडक वाटले तर रंग-दुरुस्तीचा पर्याय चालू करा. हे गेम अंधुक स्क्रीन गृहीत धरून रंगवलेले आहेत.

इम्युलेटरच्या झटपट सेव्ह-स्टेटवर (त्या क्षणाची पूर्ण अवस्था साठवणाऱ्या फाइलवर) विसंबू नका. तीन दिवस गेमच्या आतल्या सेव्हवर खेळलात आणि चुकून जुनी स्टेट उघडली, तर तिच्यासोबत सेव्हची जुनी अवस्थाही परत येऊ शकते आणि नव्या सेव्हवर लिहिली जाऊ शकते. रोज गेमच्या आत सेव्ह करा आणि ती छोटी सेव्ह फाइल अधूनमधून दुसरीकडे कॉपी करा. स्टेट फाइल दुसऱ्या इम्युलेटरवर सहसा चालत नाही, सेव्ह फाइल चालते.

जुन्या कार्ट्रिजही चालतात

मूळ अ‍ॅडव्हान्स आणि एसपीमध्ये गेम बॉय आणि गेम बॉय कलरच्या कार्ट्रिज थेट बसतात. चित्र मधोमध छोटं दिसतं. एल दाबलं की आडवं ताणलं जातं, आर दाबलं की मूळ मापावर येतं. सुरुवात झेल्डा मालिकेतल्या १९९३ च्या लिंक्स अवेकनिंगने करा, मिळाली तर १९९८ ची रंगीत डीएक्स प्रत घ्या, कारण तिच्यात एक जास्तीचं भुयार आहे. या जुन्या कार्ट्रिजमध्ये सेव्हसाठी बॅटरी असतेच आणि ती आता संपत आलेली असते. उघडायला ३.८ मिमीचा गेमबिट नावाचा खास स्क्रू ड्रायव्हर लागतो. बॅटरीचं माप कार्ट्रिजप्रमाणे बदलतं, म्हणून आधी उघडून जुन्या बॅटरीवरचा आकडा वाचा, मगच नवी मागवा.

त्यानंतर झेल्डाचीच २००१ ची ओरॅकल ऑफ सीझन्स आणि ओरॅकल ऑफ एजेस ही जोडी. कुठलाही आधी खेळा. एक पूर्ण झाला की गेम एक गुप्त संकेत देतो. दुसरा गेम सुरू करताना तो टाकला तरच कथा जोडली जाते आणि खरा शेवट मिळतो. तो उतरवताना फोटोच काढा, कारण त्यातली चिन्हं एकमेकांसारखी दिसतात आणि एक चुकलं तरी संकेत नाकारला जातो. अ‍ॅडव्हान्सवर खेळल्याचा एक फायदाही आहे: या मशीनवरच उघडणारं एक दुकान दोन्ही गेममध्ये आहे, गेम बॉय कलरवर त्याचं दार बंदच असतं.